मागून बसलेला मार

आमच्या ह्यांना डेपोत सगळे ‘हॉर्न’ म्हणतात. तोंडावर नाही, पण ह्यांची पाठ वळली की लगेच. बस चालवताना हात हॉर्नवर आणि बस नसेल तेव्हा जीभ हॉर्नवर, अशी ह्यांची रीत. भाजी करपली तर भाजीवर ओरडतील, चप्पल सापडली नाही तर चपलेवर. लग्न झालं तेव्हा मला वाटलं होतं, माणसाला कमी ऐकू येत असेल म्हणून मोठ्याने बोलतो. कान ठणठणीत आहेत. ते दुसऱ्याचं ऐकण्यासाठीही वापरायचे असतात, एवढंच कुणी सांगायचं राहिलं.

पण ड्रायव्हर म्हणून ह्यांना नाव ठेवायला जागा नाही. इतकी वर्षं बस चालवली, बसला ओरखडा नाही. सकाळी इंजिन नीट गरम झाल्याशिवाय हे गाडी जागची हलवत नाहीत. प्रवासी दारात चुळबुळ करू देत, साहेब घड्याळ दाखवू देत. एकदा एका नव्या ड्रायव्हरने चावी फिरवली आणि लगेच गाडी दामटली, तर हे त्याच्या खिडकीला लटकून ओरडले होते, “थंड लोखंड ओढतोस? घरचं आहे का तुझ्या?” हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे मला त्याचा फार राग येणार आहे.

ह्यांच्या बसवर कंडक्टर एकच, वर्षानुवर्षं. उंच, हडकुळा, कमी बोलणारा. मी त्यांना भावोजी म्हणते. ह्यांचा आरडाओरडा रेडिओसारखा चालू ठेवून आपलं काम करू शकेल असा जगात तो एकच माणूस. मागून दोनदा घंटी वाजली की हे आरशात न बघता गाडी सोडत, इतका विश्वास. ड्यूटी संपली की दोघं डेपोच्या मागच्या रिकाम्या शेडमध्ये बॅडमिंटन खेळत. दोन खांबांना जाळी बांधलेली, खाली सिमेंटची फरशी, तिच्यावर जुन्या ऑइलचे डाग. जोडीने खेळायचे आणि जोडीने जिंकायचे.

आता ह्या खेळाचं ऐका. दिवसभर हा माणूस सीटवर बसलेला. पोटऱ्या आखडून लाकूड झालेल्या. सीटवरून उतरायचं, रॅकेट उचलायची आणि थेट जाळीपाशी उड्या. पायात तेच ड्यूटीचे बूट, सोल झिजून पाटीसारखा गुळगुळीत. मी म्हणायचे, “अहो, आधी जरा चाला, पोटऱ्या ताणा, हळूहळू अंग मोकळं करा. आणि खेळायचे बूट घ्या एकदाचे.” तर म्हणे, “मी काय सर्कशीत आहे?” इंजिन गरम करायला वेळ होता. स्वतःच्या पायाला नव्हता. लोखंडाची काळजी, हाडामांसाची नाही!

आणि पायाने काही गपचूप दगा दिला नाही, चांगली नोटीस दिली होती. कित्येक महिने सकाळी उठले की पहिली पावलं भिंतीला धरून, लंगडत. उजव्या टाचेच्या वरची शीर जाड झालेली, चिमटीत धरली की हे कळवळायचे. चहा होईपर्यंत पाय सुटायचा, मग म्हणायचे, “बघ, गेलं.” मी म्हटलं, रोज जातं आणि रोज येतं, त्याला गेलं म्हणत नाहीत, पाहुणा म्हणतात. डॉक्टरला दाखवा, थोडे दिवस खेळ बंद ठेवा. त्यावर उत्तर, “मी म्हातारा झालोय असं म्हणायचंय का तुला?” आता ह्या प्रश्नाला कुठली बायको हो म्हणेल? म्हणायला हवं होतं खरं तर ओरडून.

डेपो-डेपोंमधल्या सामन्यांची फायनल होती त्या दिवशी रस्ता तुंबला आणि ह्यांची बस उशिरा आली. सगळे खोळंबलेले. हे बसमधून उतरले ते शर्टाच्या बाह्या दुमडत सरळ कोर्टात. मी आणि सासूबाई बाकावर होतो. खेळ रंगला. मध्ये भावोजींचा एक सोपा फटका जाळीत गेला, तेव्हा हे सगळ्यांदेखत त्यांच्यावर खेकसले, “तिकिटं फाडायची सवय झालीय, हात उचलायचा आळस!” लोक हसले. भावोजी हसले नाहीत.

थोड्या वेळाने समोरच्याने फूल, म्हणजे शटल हो, अगदी जाळीजवळ टाकलं. हे मधे होते, भावोजी ह्यांच्या मागे. हे उजव्या पायावर जोर देऊन पुढे झेपावले आणि पाऊलभर जाऊन खालीच बसले. फूल पडलं. ह्यांनी फुलाकडे पाहिलं नाही. ह्यांनी मागे वळून पाहिलं.

“मारलंस?” हे म्हणाले. “मला मागून मारलंस?”

भावोजी रॅकेट हातात घेऊन उभे. “मी? मी कुठे हात लावला?”

“टाचेवर रॅकेट घातलीस! मगाशी बोललो त्याचा सूड घेतलास!”

मग जो गोंधळ झाला तो विचारू नका. शेडभर माणसं, सगळ्यांचे डोळे फुलावर होते, पायाकडे बघणारा एकही नव्हता. पण साक्ष द्यायला सगळे पुढे. एकाने रॅकेट फिरलेली पाहिली, दुसऱ्याने भावोजींचा चेहरा पाहिला, तिसऱ्याने तर मार बसल्याचा आवाजही ऐकला. सासूबाई बाकावरून उठून, “माझ्या लेकाला मारलं गं!” म्हणून सुरू झाल्या. भावोजी म्हणत राहिले, “मी हातभर लांब होतो, पोरांची शपथ घेतो.” कोण ऐकतंय?

मला आजही संताप येतो तो ह्याचा की कुणी मारलं हे ठरवायला एवढी गर्दी, आणि काय लागलं हे बघायला कुणी नाही. हे उठले, पाय सपाट टाकत चार पावलं चालले. झालं! “चालता येतंय ना, म्हणजे तुटलं-बिटलं काही नाही.” पाऊल थोडं वर-खाली हलवलं. “हलतंय ना, मग झालं.” चालता आलं म्हणजे पाय शाबूत, हा शोध कुणी लावला त्याला एकदा माझ्यासमोर आणा.

डेपोत एक फिटर आहे. गाड्यांचे नट आवळतो आणि फावल्या वेळात माणसांचे स्नायू. त्याने टाच चाचपली आणि निकाल दिला, “मार मागून बसलाय. मुका मार आहे. शेक आणि मालिश.” सरळ आहे हो, मारलंय म्हटल्यावर मुका मारच असणार. एकदा चोर ठरला की चोरी तपासायची गरजच काय!

त्याच संध्याकाळी भावोजी घरी आले. हातात कापडात गुंडाळलेला बर्फ. मी दार उघडलं. ते म्हणाले, “वहिनी, हा लावा आधी. आणि मला त्याच्याशी दोन मिनिटं—” पुढचं वाक्य राहूनच गेलं. आतून हे असे गरजले की शेजारच्यांनी दारं उघडली. “मारून वर थंड करायला आलाय! फेक तो बर्फ बाहेर!” भावोजींनी पुन्हा तोंड उघडलं, ह्यांनी पुन्हा हॉर्न दाबला. सासूबाईंनी पुढे होऊन बर्फ अंगणात भिरकावला. भावोजी माझ्याकडे एकदा बघून निघून गेले. मी मागून “भावोजी, थांबा” म्हटलं, पण ते अंगण ओलांडून गेले होते.

मग सुरू झाला शेक. सासूबाई वीट तापवून फडक्यात बांधून आणत. फिटर रोज येऊन तेल लावून असा रगडायचा की हे उशी चावत. आधीच सुजलेला पाय, त्यावर गरम वीट! सूज पावलापर्यंत उतरली, काळीनिळी झाली. फिटर खूश, “बघा, साकळलेलं रक्त बाहेर पडतंय.” मी म्हणाले, डॉक्टरकडे चला. तर फिटर, सासूबाई आणि हे असे तिघं एका बाजूला. “मुक्या माराला डॉक्टर काय करणार?” मी एकटी बोलून बोलून थकले. ह्या घरात माझ्या बोलण्याला पायपुसण्याइतकीही किंमत नाही, हे तेव्हा मला कळलं.

इकडे पाय सुजत होता, तिकडे डेपोत गोष्ट सुजत होती. ह्यांनी साहेबांना निरोप धाडला, “ज्या माणसाने मागून मारलं त्याच्याकडे पाठ करून मी गाडी चालवणार नाही.” ड्रायव्हरची पाठ कायम कंडक्टरकडेच असते, साहेब तरी काय करणार? भावोजींना दुसऱ्या मार्गावर टाकलं. त्यांची बायको दुकानात दिसली तर मान फिरवून जाऊ लागली. मी तिला दोष देत नाही. माझ्या नवऱ्याला कुणी असं म्हटलं असतं तर मी नुसती मान फिरवली नसती.

दुखणं जरा कमी झालं तसे हे कामावर गेले. डेपोच्या आवारातच गाडी धुण्याच्या जागेवरून पुढे काढत होते. ब्रेकवर पाय ठेवला, दाबला, आणि पायात जोरच नाही. हे मला नंतर म्हणाले, “पाय माझा, पण माझं ऐकतच नव्हता.” गाडी सावकाश जाऊन भिंतीला टेकली. कुणाला लागलं नाही, मडगार्ड वाकलं. ज्या माणसाच्या गाडीला कधी ओरखडा नव्हता तो सीटवर बसून राहिला, उतरेचना. आणि ओरडलाही नाही. मला निरोप आला तेव्हा ते न ओरडणं ऐकूनच मी हातातलं काम टाकून डेपोत धावले. साहेबांनी सांगितलं, मोठ्या दवाखान्यात जा, डॉक्टरने पाय बरा म्हटल्याशिवाय स्टिअरिंगला हात लावायचा नाही.

दवाखान्यातली हाडांची डॉक्टर तरुण होती, सकाळपासूनच्या रांगेने वैतागलेली. ह्यांनी “पायाला—” एवढंच म्हटलं, आणि तिने विचारलं, “खेळताना झालं? मागून कुणीतरी मारल्यासारखं वाटलं?”

“वाटलं कसलं? मारलंच!”

“मग मागे वळून बघितलंत. आणि कुणाला शिव्या दिल्यात?”

हे हळूच म्हणाले, “तुम्हाला कुणी सांगितलं?”

“कुणी सांगायला कशाला हवं? हा पाय घेऊन येणारा जवळजवळ प्रत्येक जण हेच सांगतो. कुणी म्हणतं लाथ मारली, कुणी म्हणतं दगड मारला. परवा एक जण आला, त्याच्या मागे नुसती भिंत होती. भिंतीशीही भांडला असेल. पालथे झोपा.”

ती माझ्याकडे वळली. “तुम्ही या इकडे. ही डावी पोटरी दाबा.” मी दाबली, तसं डावं पाऊल मान डोलावल्यासारखं हललं. “आता उजवी.” मी उजवी दाबली. पाऊल मेल्यासारखं लोंबत राहिलं. पुन्हा दाबली, तेच. तिने माझं बोट धरून टाचेच्या जरा वर ठेवलं. तिथे खड्डा होता. “पोटरीचा स्नायू टाचेला बांधून ठेवणारी जाड दोरी असते, कंडरा म्हणतात तिला. ती इथे हवी होती. तुटलीय. तुटताना मागून फटका बसल्यासारखं वाटतं. मारलेलं कुणी नसतं.”

“पण मला चालता येत होतं,” हे म्हणाले.

“दुसरे बारके स्नायू पाऊल हलवतात थोडंफार, म्हणून फसगत होते. चवड्यावर उभं राहता येत होतं का? तेवढंच बघायचं होतं.” मग तिने पायावरचा तेलाचा काळपट थर पाहिला. “हे काय?”

मी सांगितलं. वीट, तेल, फिटर, सगळं. तिने हातातलं पेन टेबलावर आपटलं. “ताज्या दुखापतीला शेक? वर मालिश? अहो, त्याने सूज वाढते, आतला रक्तस्राव वाढतो! त्याच दिवशी बर्फ लावून, पाऊल खाली झुकलेलं ठेवून बांधून आणला असता, तर कदाचित कापावंही लागलं नसतं. पाय आधाराच्या खास बुटात ठेवून दोरीची टोकं जुळली असती. आता टोकं लांब गेलीत. ऑपरेशन. आणि नंतरही ड्रायव्हिंगचं मी आज काही सांगणार नाही.”

बर्फ म्हटल्यावर ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मुद्दाम भिंतीकडे पाहिलं.

ऑपरेशन झालं. प्लास्टर, मग गुडघ्यापर्यंतचा बूट, त्यात टाचेखाली पाचरी, एकेक करून त्या काढायच्या. मग व्यायाम. ह्या सगळ्यात सासूबाईंनी विटेचं नाव काढलं नाही, आणि फिटर आमच्या गल्लीतून सायकल नेताना मान खाली घालू लागला. मी एकच धोशा लावला होता, भावोजींकडे जा. ह्यांचं उत्तर, “बघू.” कधी, “मी काय खोटं बोललो? मला वाटलं तसं बोललो.” आता वाटलं म्हणून माणूस काहीही बोलणार का? मला रोज वाटतं ह्यांच्या डोक्यात कढई घालावी, घालते का मी?

शेवटी मी सांगितलं, “ज्या शेडमध्ये बोंब मारलीत तिथेच, तेवढ्याच माणसांसमोर जाऊन ‘चुकलो’ म्हणा. तोपर्यंत माझ्याशी बोलू नका.” आणि बोलणं बंद केलं. हे “चहा!” म्हणून ओरडायचे, चहा यायचा, माणूस यायचं नाही. भिंतींवर किती दिवस ओरडणार?

मग डेपोतर्फे ह्यांच्या पायाची तपासणी झाली. डॉक्टरने सांगितलं, उजव्या पायावर एकट्याने उभे राहा आणि टाच उचला. हे दात-ओठ खाऊन उभे राहिले, कपाळावर घाम आला, टाच जमिनीला चिकटलेली. नापास. ह्यांना चौकशीच्या खिडकीत बसवलं, गाड्यांच्या वेळा सांगायला. समोर माईक. हॉर्नला माईक दिला म्हणून डेपोभर लोक हसले. पुढची तपासणी एकच बाकी होती. तीही गेली की खिडकी कायमची.

त्या संध्याकाळी हे खिडकीतून उठले आणि मला म्हणाले, “चल.” कुठे ते मी विचारलं नाही.

शेडमध्ये खेळ चालू होता. भावोजी कडेला जुन्या टायरांवर बसलेले, रॅकेट जवळ नव्हतीच. त्या दिवसापासून त्यांच्या पुढे खेळायला कुणी तयार नव्हतं. “पायावर मारतो,” म्हणे. चेष्टेत म्हणायचे लोक, पण जोडी कुणी केली नाही. हे मला तेव्हा समजलं, आणि ह्यांनाही. हे काठी टेकत मधोमध गेले. फूल खाली पडलं.

“ह्याने मला मारलं नव्हतं!” हे ओरडले. माफीसुद्धा ओरडूनच! “माझी शीर आपोआप तुटली होती! मी चुकलो! ऐकू आलं का सगळ्यांना? मी चुकलो म्हणतोय!”

भावोजी उठले नाहीत. “ऐकू आलं,” ते म्हणाले. “त्या दिवशीही आलं होतं.”

“काय आलं होतं?”

“आवाज. तुझ्या पायातून. फट्‌कन. मला वाटलं माझ्या रॅकेटची तार तुटली, म्हणून मी रॅकेट बघितली, तर तारा शाबूत. तेव्हाच समजलं, तुझ्या आत काहीतरी तुटलंय. बर्फ घेऊन आलो ते हेच सांगायला आलो होतो. एक शब्द बोलू दिलास?” त्यांचा आवाज चढत गेला. इतक्या वर्षांत मी तो कधी चढलेला ऐकला नव्हता. “पोरांची शपथ घेतली मी तुझ्यासमोर! माझ्या पोराला शाळेत विचारतात, तुझा बाप खुनशी आहे का. मग मीही म्हटलं, जाऊ दे मरू दे. कशाला सांगू? बस शेकत!”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला, आणि नक्की कुणावर चिडू तेच कळेना. एकाच्या आत तुटलं होतं, दुसऱ्याने ते तुटताना ऐकलं होतं, दोघं हातभर अंतरावर. आणि पाय गेला तो दोघांच्या तोऱ्यात. मी म्हणाले, “झालं का दोघांचं? ह्यांची तपासणी जवळ आलीय. डॉक्टर म्हणते रोज पायरीवर टाचा उचला, हे उचलत नाहीत. घरात कुणी सांगितलेलं ह्यांना ऐकू येत नाही.” एवढं बोलून मी घरी निघाले. हे मागून काठी टेकत आले.

दुसऱ्या संध्याकाळी भावोजी आले. आत आले नाहीत, चहा नको म्हणाले. अंगणात उभे राहून ह्यांना म्हणाले, “पायरीवर चढ.”

हे कठडा धरून पायरीच्या कडेला उभे राहिले. भावोजी बरोबर ह्यांच्या मागे, हातभर अंतरावर. आणि त्यांनी दोन्ही हात डोक्याच्या वर उचलले. शेजारपाजारचे खिडक्यांतून बघत होते.

“बघून घ्या सगळ्यांनी,” भावोजी म्हणाले. “हात वर आहेत माझे. नंतर कुणी काही म्हणायला नको.”

ते रोज आले. रोज हात वर. गंमत म्हणून नाही हं, चेहऱ्यावर रेषा हलत नसे. आधी दोन्ही टाचा, मग उजवीवर जास्त भार, मग डावा पाय नुसता टेकलेला. हे कण्हायचे, शिव्या द्यायचे, भावोजी मागे खांबासारखे. तपासणीच्या आदल्या संध्याकाळी भावोजी म्हणाले, “आता एकटी उजवी.”

ह्यांनी डावा पाय उचलला. कठड्यावरची बोटं पांढरी पडली. पोटरी थरथरायला लागली. मी दारात हातातलं फडकं पिळत उभी होते.

“उचलली का?” ह्यांनी विचारलं. आवाज इतका बारीक की मला आधी ओळखूच आला नाही.

भावोजी हात वर ठेवूनच वाकले. “बोटभर.”

“खोटं बोलतोस.”

“मग वळून बघ.”

हे वळले नाहीत. समोर भिंतीकडे बघत त्यांनी टाच खाली टेकवली, आणि पुन्हा उचलली.